तेलात रमणारा रेणू

सकाळी ८.१५
मामांनी ऑटोक्लेव्ह लावून ठेवलाय. "ताई, चहा घ्या, मग आत जा." दोन घोट घेते, एप्रन चढवते आणि इन्क्युबेटर उघडते. काल ३७ अंशांवर ठेवलेली ९६ वेलची प्लेट. स्टॅफिलोकॉकस ऑरियसच्या ओळीत लिटरला १०० मिलिग्रॅम बीएचएपर्यंत गढूळ, २०० पासून नितळ. ई. कोलाय मात्र २०० मध्येही वाढलाय. बीएचए पाण्यात विरघळत नाही, इथेनॉलमधून घालतो. म्हणून नुसत्या इथेनॉलची ओळ बघते. तीही गढूळ, म्हणजे जंतूंना रोखलं ते बीएचएनंच.

९.३०
नवी विद्यार्थिनी विचारते, "मॅडम, हे तर तेल खवट होऊ नये म्हणून घालतात ना?"

त्याचसाठी. पाकिटावर अँटिऑक्सिडंट म्हणून ३१९ असेल तर टीबीएचक्यू, ३२० असेल तर बीएचए. आपल्याकडे खाद्यतेलात किलोला २०० मिलिग्रॅमपर्यंत मुभा आहे. पण रेणू फिनॉलचा, तेलात रमणारा. ब्रॉथमध्ये त्याला स्निग्ध जागा सापडते ती जंतूच्या पटलाची. तिथं तो शिरला की लिपिडांची वीण विस्कटते आणि आतलं पोटॅशियम बाहेर झिरपतं. ई. कोलायला बाहेरून आणखी एक पटल असतं, तिथंच तो बराचसा अडतो.

११.००
आजचं मुख्य काम: गळती मोजणं. धुतलेले स्टॅफिलोकॉकस जंतू बफरमध्ये, त्यात बीएचए. शून्य, दहा आणि तीस मिनिटांनी नमुना काढायचा, सेंट्रिफ्यूज करायचा, वरचं पाणी २६० नॅनोमीटरवर वाचायचं. जंतूच्या आतले न्यूक्लिओटाइड बाहेर आले असतील तर आकडा चढतो. क्युव्हेट क्वार्ट्झचीच हवी. साधी काच अतिनील प्रकाश गिळते. बीएचएही तो शोषतं, म्हणून जंतूंशिवाय नुसत्या बीएचएचा ब्लँक लागतो. गेल्या महिन्यात मी तो लावला नव्हता आणि तीन दिवसांची रीडिंग्ज रद्द करावी लागली. तेव्हापासून वहीच्या पहिल्या ओळीत ब्लँक लिहिते.

आकडा चढतोय. थोडे जंतू प्रोपिडियम आयोडाइडमध्ये मिसळून सूक्ष्मदर्शकाखाली धरते. धड पटलातून हा रंग आत जात नाही. समोर द्राक्षांसारखे घोस, एकेक गोळा लालभडक. विद्यार्थिनीला खुर्ची देते. ती बराच वेळ उठत नाही.

दुपारी ४.००
मला खरी ओढ या प्लेट्सची होती. तोच जंतू, तेच २०० मिलिग्रॅम; फक्त एका फ्लास्कमध्ये शेंगदाणा तेल घालून रात्रभर हलवत ठेवला होता. तेलानं ब्रॉथ आधीच गढूळ, नजरेनं काही कळत नाही. म्हणून काल प्लेटिंग केलं. बिनतेलाच्या फ्लास्कची दहापट पातळ केलेली प्लेट कोरी. तेलाच्या फ्लास्कची दहा लाख पट पातळ केलेली, तरी तीवर १४२ वसाहती. बीएचए तेलात जाऊन बसलं, जंतूच्या वाट्याला फारसं उरलंच नाही.

५.४५
फराळाचा घरगुती व्यवसाय करणाऱ्या एका काकूंचा फोन. तेलात अँटिऑक्सिडंट आहे, मग पॅकिंगला हातमोजे नसले तर चालेल का?

"नाही काकू. हा जंतू माणसाच्या नाकात, हातांवर असतो. तेलातलं औषध तेलापुरतंच, आजच प्लेटवर पाहिलं. हातमोजे हवेतच."

"मग मुलींना दाखवायला त्या प्लेटचा फोटो पाठव गं."

प्लेट्स मामांच्या पिशवीत गेल्यात, १२१ अंशांना जायच्या. "मामा, थांबा जरा!"