बोवेनचा मोहोर

बोवेनला आमचा मुक्काम ठरला होता एका रात्रीचा. झाल्या सहा रात्री.

मेलबर्नची थंडी चुकवायला कॅरॅव्हॅन ओढत उत्तरेकडे निघणाऱ्या पिकल्या केसांच्या मंडळींना इथे ‘ग्रे नोमॅड्स’ म्हणतात. निवृत्तीनंतर आम्हीही त्यांच्यात सामील झालो. गेल्या जुलैच्या अखेरीला घर बंद केलं, न्यूवेल हायवेने गुंडीविंडी गाठलं, पुढे रॉकहॅम्प्टनला ब्रूस हायवे धरला आणि उसाच्या शेतांमधून वर वर सरकत राहिलो. मॅकेच्या आसपास उसाच्या चिमुकल्या आगगाड्या रस्ता ओलांडतात. त्या जाईपर्यंत थांबायचं, थर्मासमधला चहा प्यायचा. घाई कुणाला होती? प्रॉसरपाइन मागे पडलं की ऊस विरळ होतो, हवा कोरडी होते आणि टोमॅटो, ढोबळी मिरचीची शेतं दिसू लागतात. तेच बोवेन. गाव 1861 साली वसलेलं. नकाशात बघाल तर विषुववृत्ताच्या उत्तरेला नाशिक जेवढं लांब, दक्षिणेला हे तेवढंच, वीस अंशांवर.

पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. कॅरॅव्हॅन उलटी घालून जागेवर लावणे ही चाळीस वर्षांच्या संसाराची परीक्षा असते. एकाने गाडी चालवायची आणि दुसऱ्याने मागे उभं राहून हातवारे करायचे. “डावीकडे!” “कुणाच्या डावीकडे?” हा संवाद मराठीतून मोठ्याने चालला होता आणि शेजारपाजारची मंडळी खुर्च्यांवर बसून हातातल्या बाटल्यांसकट तो ऐकत होती. शेवटी एक म्हातारबाबा उठले आणि त्यांनी दोन मिनिटांत आमचं घर जाग्यावर नेऊन ठेवलं.

जेवणं झाली, दिवा घालवला आणि खिडकीतून वास आला. आम्ही दोघंही काही बोललो नाही. आंब्याच्या मोहोराचा वास! ऑगस्टमध्ये! आमच्या कोकणात या दिवसांत पागोळ्यांखाली बसून फणसाच्या आठळ्या भाजत असतील. इथे मात्र थंडी सरत आली होती, म्हणजे आपला माघ. सकाळी बघतो तर पार्कच्या कुंपणालगत तीन थोराड झाडं नखशिखांत मोहरलेली. पुढचं आरक्षण आम्ही चहाच्या आधीच पुढे ढकललं.

बोवेन म्हणजे आंबा, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. हायवेवर माहिती केंद्राशी दहा मीटर उंचीचा आंबा उभा आहे, 2002 पासून. 2014 मध्ये तो एका रात्रीत चोरीला गेला आणि सगळ्या देशाच्या बातम्यांत झळकला. मागाहून कळलं की ती कुठल्याशा खाद्यगृहांच्या साखळीची जाहिरात होती! आंबा परत आला. आम्ही त्याच्या सावलीत बसून आंब्याचं सॉर्बे खाल्लं. चव बरी होती. हापूस खाल्लेल्या माणसाने याहून जास्त कौतुक करू नये.

पण त्या आंब्याची गोष्ट ऐकली आणि आमचा नूर पालटला. गोष्ट सांगितली त्याच म्हातारबाबांनी. आयुष्य बागांमध्ये काम करण्यात गेलेलं, बोटं खोडासारखी. एकोणिसाव्या शतकात इथून हिंदुस्थानात घोडे जात, इंग्रजांच्या फौजेसाठी. ‘वेलर’ म्हणून ते आपल्याकडेही प्रसिद्ध होते. घोडे उतरवून परतणाऱ्या व्यापाऱ्यांबरोबर 1880 च्या दशकात आंब्याच्या कोयी बोवेन बंदरात आल्या, असं सांगतात. इथल्या कस्टम्सच्या अधिकाऱ्याने त्या रुजवल्या आणि त्यांतली चांगली जात पुढे ‘केन्सिंग्टन’ नावाच्या बागेत वाढली. बागेचं नाव आंब्याला चिकटलं. तोच हा केन्सिंग्टन प्राइड, ज्याला बाजारात नुसतं ‘बोवेन’ही म्हणतात. आपण डिसेंबरात मेलबर्नच्या बाजारातून पेटी उचलतो ना, तोच. (याच गावच्या संशोधन केंद्राने दुसरी एक जात दिली, तिचं नाव आर-टू-ई-टू. झाड लावणीत कुठे उभं होतं त्यावरून ठेवलेलं. आंब्याला बसचा नंबर!)

आम्ही विचारलं, कलमं कशी बांधता? बाबा हसले. केन्सिंग्टनला कलम लागतंच असं नाही. कोय पुरली की एकीतून तीन-चार कोंब येतात. त्यातला एखादा मरतुकडा असतो, तो बहुतेक बापाच्या वळणाचा. बाकीचे थेट आईची प्रत. मरतुकडा उपटायचा, धट्टाकट्टा ठेवायचा, म्हणजे आंबा तोच येतो. आपल्या हापूसचं असं नाही. त्याच्या कोयीला एकच कोंब आणि तो कुणासारखा निघेल याचा भरवसा नाही. म्हणून कलम.

म्हणजे काय, कोयीपासून वाढलेला, दाताला धागा लागणारा, चोखून खायचा हा आंबा आपल्या हिशेबी रायवळ. आपण ज्याला पाहुण्यांच्या पानात वाढत नाही तो. आणि इथे त्याचा पुतळा!

रायवळ म्हटल्यावर इतके दिवस दोघांनी टाळलेला विषय निघालाच. कॅरॅव्हॅनमध्ये चमच्यांच्या खणात, ट्रेखाली, एक लिफाफा होता. राजापूरच्या अलीकडे आमचं घर आहे. घर म्हणजे आता चौथरा, विहीर आणि थोडी कलमं. चुलतभाऊ तिथे राहून सगळं बघतो. त्याला जागा त्याच्या नावावर करून हवी आहे, म्हणजे कर्ज काढता येईल, मुलाला काही धंदा घालून देता येईल. मागणी रास्त. त्याने पाठवलेला हक्कसोडीचा मसुदा तीन वर्षं आमच्याकडे पडून होता. आमच्यापैकी एकाचं म्हणणं, देऊन टाकू, आपण तिथे राहायला जाणार आहोत का? दुसऱ्याचं म्हणणं, सगळं दे, पण विहिरीकडच्या रायवळाचं काय? त्या झाडाखाली मे महिन्यात घमेलं भरून आंबे चोखलेत, आजीने त्याच्या रसाची साठं घातलीत, कोयाडं केलंय. कोण काय म्हणत होतं ते सांगत नाही. प्रवासात बाजू दोनदा बदलल्या.

त्या वादाला कंटाळून तिसऱ्या दिवशी आम्ही गावच्या दफनभूमीत गेलो. विचित्र सहल, खरी. पण तिथे जेम्स मॉरिल नावाचा खलाशी पुरलेला आहे. 1846 मध्ये त्याचं जहाज फुटलं. तराफ्यावरून जे थोडे किनाऱ्याला लागले त्यांना इथल्या आदिवासींनी जगवलं. बाकीचे एकेक करून गेले आणि हा सतरा वर्षं त्यांच्यातच राहिला. 1863 मध्ये मेंढपाळांच्या एका झोपडीपाशी तो आला तेव्हा त्यांनी बंदूक रोखली, आणि “मी इंग्रज आहे” एवढं सांगताना याची तारांबळ उडाली. इंग्रजी धड तोंडातून येईना. पुढे तो बोवेनमध्येच राहिला, लग्न केलं आणि 1865 मध्ये वारला. स्वतःची भाषा चाचपडत बोलणारा तो माणूस आमच्या डोक्यातून दिवसभर गेला नाही. आमची नातवंडं आठवली, फोनवर “आजी, मी बरा आहे” म्हणताना शब्द शोधणारी.

संध्याकाळी बंदराजवळच्या दुकानात स्पॅनिश मॅकरेल मिळाला. ही आपली सुरमईच. आणि बारामुंडी म्हणजे अलिबागकडचा जिताडा, हेही ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी नमूद करतो. तव्यावर तिखट-मीठ, तांदळाची पिठी लावून तुकड्या टाकल्या आणि आजूबाजूच्या कॅरॅव्हॅन्समधून माणसं ताटल्या घेऊन आली. म्हातारबाबांनी चार खाल्ल्या.

बाकी बोवेनचं वर्णन काय करावं? हॉर्सशू बेचे गुलाबी-करडे खडक, फ्लॅगस्टाफ हिलवरून दिसणारी बेटं, 2007 मध्ये ‘ऑस्ट्रेलिया’ चित्रपटासाठी डार्विनचं सोंग घेतलेला मुख्य रस्ता, सगळं पाहण्याजोगं आहे. पोहायचं तर जून ते ऑक्टोबर. नोव्हेंबरपासून समुद्रात विषारी जेलीफिश येतात. आंबे नेमके तेव्हाच!

पाचव्या रात्री भावाला फोन लावला. तिकडे पाऊस धो धो, मध्येच आवाज जाई. म्हटलं, “आम्ही सही करतो. फक्त विहिरीकडचा रायवळ तोडू नकोस, एवढा शब्द दे.”

पलीकडे बराच वेळ नुसता पाऊस ऐकू आला. मग तो म्हणाला, “दादा, तो 2021 मध्ये तौक्ते वादळात पडला. मुळासकट. तुम्हाला सांगितलं नाही. एवढ्या लांब आहात, म्हटलं उगाच कशाला.”

तीन वर्षं आम्ही नसलेल्या झाडावरून भांडत होतो.

थोड्या वेळाने आमच्यातल्या एकाने विचारलं, खाली कोयी रुजल्यात का? “आहेत ना, वहिनी, दोन रोपं छातीएवढी झालीत. पण आंबा तोच येईल असं नाही हं.” म्हटलं, माहीत आहे. कालच शिकलो. असू देत, बेणताना तेवढी सांभाळ.

सहाव्या रात्रीनंतर सकाळी दहाला जागा सोडायची होती. बाबांनी डिसेंबरात या, पेटी देतो म्हणून सांगितलं आणि कॅरॅव्हॅन जोडायला न सांगता पुढे झाले. लिफाफा चमच्यांच्या खणातून काढून पासपोर्टांच्या पिशवीत घातला. मेलबर्नला परतल्यावर वकिलातीत जाऊन सह्या करायच्या आहेत.