आठ टक्के आणि अठरा मिलिमीटर

बाहेर फेब्रुवारीचं ऊन चटके देतंय. दिंडोरी तालुक्यातल्या या पॅकहाऊसमध्ये मात्र बायका साडीवर स्वेटर चढवून उभ्या आहेत. पहाटे तोडलेल्या थॉमसन द्राक्षांचे क्रेट टेबलांवर येताहेत. समोरच्या ताई घड देठाला धरून उचलतात, मण्याला बोट लागू देत नाहीत. वरची पांढुरकी मेणकट झाक पुसली गेली की ताजा मालही शिळा दिसतो. कात्रीचं टोक आत घालून त्या दोन बारके मणी काढतात, मग एक तडकलेला, एक डागाळलेला. सुपरवायझर मधूनच येतो, भोकांची पट्टी मण्याला लावून बघतो. अठराच्या भोकातून मणी आरपार गेला की घड बाजूला, लोकल बाजारासाठी. पास झालेला माल पाचशे ग्रॅमच्या डबीत, म्हणजे पनेटमध्ये, पनेट खोक्यात, वर बुरशी धरू नये म्हणून गंधकाचा कागद, आणि खोका थेट प्रीकूलिंगला.

प्रत्येक खोक्यावर बागेचा नोंदणी क्रमांक आहे, माल कुठल्या बागेचा ते त्यावरून कळतं. २०१० साली क्लोरमेक्वॅट या फवारणीच्या रसायनाचे अंश सापडले म्हणून युरोपात आपले कंटेनर अडकले होते. ते वर्ष इथे अजून कुणी विसरलेलं नाही.

ऑफिसात चहा आलाय. एक बागायतदार खुर्चीच्या कडेला टेकून विचारतात, "शेठ, इंग्लंडची ड्युटी जाणार म्हणता, मग आम्हाला किलोमागं किती?"

"आधी माल तर पास होऊ द्या, दादा," निर्यातदार हसतो.

प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. भारत-ब्रिटन करारावर २४ जुलै २०२५ रोजी सह्या झाल्या. आपल्या द्राक्षांवर तिथे आठेक टक्के ड्युटी बसत आली आहे. सुपरमार्केटच्या त्याच शेल्फवर शेजारी बसणारी चिली, पेरू आणि दक्षिण आफ्रिकेची द्राक्षं आपापल्या करारांमुळे बिनड्युटीची. शिवाय ही ड्युटी नुसत्या मालावर नसते, जहाजाचं भाडं आणि विमाही हिशेबात धरतात. लाल समुद्रातल्या हल्ल्यांनंतर जहाजं आफ्रिकेला वळसा घालू लागली, भाडं चढलं, तेव्हा त्या चढलेल्या भाड्यावरही ड्युटी लागली! करार लागू झाला की हे ओझं उतरेल. या सवलतीसाठी लागणाऱ्या मूळ देशाच्या दाखल्याची कटकटही द्राक्षाला फारशी नाही. परदेशी धाग्याच्या कापडाला आपलं मूळ सिद्ध करत बसावं लागतं. दिंडोरीचा घड दिंडोरीतच पिकतो.

पण ड्युटी गेली म्हणजे आपण शर्यत जिंकली असं नव्हे, आपण बाकीच्यांच्या रेषेवर येऊन उभे राहिलो एवढंच. पेरू देशातल्या बागा कधीच नव्या, टपोऱ्या, टिकाऊ वाणांकडे वळल्या. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी थॉमसन किंवा तिचेच सगेसोयरे, तास-ए-गणेश आणि सोनाका. नव्या वाणांना रॉयल्टी लागते, ती परवडणारे मोजके. शिवाय अवकाळी पाऊस काही करार वाचून पडत नाही.

फायदा मिळणार, याबद्दल मला शंका नाही. शंका आहे ती वाटणीची. ड्युटी तिकडचा आयातदार भरतो, त्यामुळे वाचलेला पैसा आधी त्याच्याच खिशात पडतो. तिथून तो इकडच्या निर्यातदाराकडे आणि मग बागेपर्यंत झिरपायचा, तर कुणीतरी मागायला हवा. सुपरमार्केटची मंडळी वर्षाचे दर घासूनपुसून ठरवतात. ड्युटी गेली हे त्यांना आपल्याआधी कळलेलं असतं.

बागायतदार चहा संपवून पुन्हा विचारतात, "ते किलोमागचं राहिलंच."

"हंगाम संपल्यावर बघू," उत्तर येतं.

बागायतदारांनी एवढ्यावर उठू नये. ऑक्टोबर छाटणीआधी निर्यातदाराशी बोलणी होतील तेव्हा वाचलेल्या ड्युटीतला आपला वाटा दरात लिहून घ्यावा. एकट्यानं मागितला तर टोलवतील. गावातल्या दहा-वीस बागांनी मिळून मागावा.