दगडी औषधाला दाद का देत नाही?

गाईला दगडी झाली, कास सुजली, की पेनिसिलीन देतात. ते करते काय? जंतूभोवती भिंत असते. वाढताना तिचे बांधकाम सारखे चालू असते. पेनिसिलीन तेच बंद पाडते. भिंत कच्ची राहते आणि जंतू फुटतो. टेट्रासायक्लीनची तऱ्हा निराळी. ते आत शिरून प्रथिने तयार होऊ देत नाही. जंतूची वाढ खुंटते. उरलेले काम गाईच्या अंगच्या शक्तीचे.

पण जंतूही बिलंदर! काही जंतू पेनिसिलिनेज नावाचा रस सोडून पेनिसिलीनच मोडून टाकतात. हे १९४० सालीच, म्हणजे औषध सर्रास मिळू लागण्याआधीच, दिसून आले होते. काही जण आत आलेले टेट्रासायक्लीन विहिरीवरच्या पंपासारखे बाहेर उपसतात. वर ही विद्या शेजारच्या जंतूलाही देतात!

दोन सुयांनी सूज उतरली की आपण थांबतो. तेव्हा दुबळे जंतू मेलेले असतात, चिवट उरलेले असतात, आणि पुढे त्यांचीच पैदास होते. म्हणून डॉक्टरांनी सांगितलेले दिवस पुरे करा. दगडी पुन्हापुन्हा होत असेल तर औषध देण्यापूर्वीच सडातील दुधाचा नमुना तपासायला द्या. त्यावरून कोणते औषध लागू पडेल ते कळते. उपचार चालू असताना आणि त्यानंतर डॉक्टर सांगतील तितके दिवस ते दूध डेअरीला घालू नका, घरातल्या पोरांनाही देऊ नका. उकळले तरी औषधाचा अंश पुरता जात नाही.