जॉर्जियात मामा म्हणजे बाप

काळ्या समुद्राच्या पूर्वेकडच्या जॉर्जिया देशात मूल ‘मामा’ करत धावत आलं, की त्याला उचलून घ्यायचं ते बापाने. आई तिथे ‘देदा’. पाद्र्यालाही लोक ‘मामाओ’ अशीच हाक मारतात. चिनीपासून स्वाहिलीपर्यंत ज्या हाकेला आई वळून पाहते, ती इथे बापाकडे गेली आणि आपल्याकडे आईच्या भावाकडे. हे झालं कसं?

अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ जॉर्ज मर्डॉक यांनी जगभरच्या भाषांतून आई-बापांसाठीचे १०७२ शब्द गोळा केले. आईच्या शब्दांपैकी ५५ टक्क्यांत म, न यांसारखी अनुनासिकं निघाली. बापाच्या शब्दांत जेमतेम १५ टक्क्यांत. मग या साऱ्या भाषा एकाच आदिभाषेच्या लेकी का? तसं वाटतं खरं, पण शब्द इतके चिवट नसतात. संस्कृत ‘पितृ’ आणि इंग्रजी ‘फादर’ सख्खे भाऊ असूनही चेहऱ्याने ओळखू येत नाहीत.

उलगडा केला रोमान याकोबसन या रशियात जन्मलेल्या भाषाशास्त्रज्ञाने, १९६०च्या सुमारास. दूध पिताना बाळाचे ओठ मिटलेले असतात. आवाज काढायचा तर तो नाकातूनच निघणार, म्हणजे ‘म्’. पुढे भूक लागली, की बाळ तोच हुंकार देतं आणि तोंड उघडताच त्याला ‘आ’ जोडला जातो. ओठ पूर्ण बंद, मग तोंड सताड उघडं. याहून सोपी कसरत जिभेला नाही, किंबहुना जिभेला तिथे कामच नाही. आपण भरवताना म्हणतो ते ‘मम्मं’ याच जातीचं, आणि जपानी बाळाचा ‘मान्मा’ म्हणजेही खाऊच.

थोडक्यात, बाळ आवाज देतं, अर्थ मोठी माणसं लावतात. ‘मला हाक मारली’ असं बहुतेक ठिकाणी आईला वाटलं. जॉर्जियात आणि ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातल्या पित्जान्त्जात्जारा भाषेत बापाने बाजी मारली. जपानीची गंमत आणखी वेगळी. तिथे आईला ‘हाहा’ म्हणतात; पण जुन्या जपानीत या ‘ह’च्या जागी ‘प’ होता. म्हणजे जपानी आई एके काळी चक्क ‘पापा’ होती!

आता आपला मामा. संस्कृतात त्याला ‘मातुल’ म्हणत. आपली ‘मावशी’ संस्कृत ‘मातृष्वसा’तून रीतसर झिजत आली, ‘मामा’ मात्र ‘मातुल’चा वंशज नव्हे, तो पाळण्यातलाच शब्द. तेलुगूत तर मामा म्हणजे आईचा भाऊ आणि सासराही, कारण मामाच्या मुलीशी लग्न करायची चाल. आपल्याकडेही ही चाल होतीच. सासऱ्याला ‘मामंजी’ म्हणतात ते उगीच नाही. एवढं करून भागलं नाही म्हणून चंद्राला मामा केलं, चौकातल्या वाहतूक पोलिसालाही केलं, आणि कुणाला फसवलं तर ‘त्याचा मामा केला’ म्हणू लागलो.

तेव्हा भाच्याने सातव्या-आठव्या महिन्यात ‘मामामामा’ सुरू केलं, म्हणून समस्त मामालोकांनी पेढे वाटायची घाई करू नये. त्याला बहुधा भूक लागलेली असते.