वाफेचे आकाशजहाज, टेबलावर

स्टीमपंक म्हणजे वाफेच्या युगातली यंत्रे पुढेही चालू राहिली असती तर, ही कल्पना. तिचे आकाशजहाज मात्र निव्वळ काल्पनिक नाही. आँरी जिफार याने 24 सप्टेंबर 1852 रोजी पॅरिसहून वाफेच्या इंजिनावर सुमारे 27 किलोमीटर उड्डाण केले. फुगा 44 मीटर लांब, इंजिन जेमतेम 3 अश्वशक्तीचे. ठिणगी फुग्यातल्या ज्वलनशील वायूपर्यंत जाऊ नये म्हणून धुरांडे चक्क खाली वळवलेले! या जहाजाचे मॉडेल करायचे, तर त्यात हे धुरांडे दिसलेच पाहिजे.

1:100 प्रमाणात फुगा 44 सेंटिमीटरचा होतो. नागपूरच्या मनीषनगरातल्या फ्लॅटमधल्या टेबलावर सहज मावतो. सांगाड्याला नागपूरकरांना परका नसलेला माल लागतो: आकाशकंदिलासाठी किंवा मारबतीच्या मिरवणुकीतल्या बडग्या पुतळ्यांसाठी वापरतात तशा बांबूच्या कामट्या. त्या भिजवून मेणबत्तीच्या आचेवर हळूहळू वाकवायच्या, पुठ्ठ्याच्या चकत्यांवर बसवायच्या आणि वर पातळ कागद डकवायचा. बंद पडलेल्या घड्याळाची चाके इंजिनाला शोभतात. रिव्हेट म्हणजे टाचणीच्या टोकाने ठेवलेले फेविकॉलचे थेंब. वाळल्यावर पितळी रंग दिला की धातूच वाटतो. मे महिन्याच्या उन्हात मात्र ग्लू-गनचे सांधे सैल पडतात, म्हणून मॉडेल खिडकीपासून दूर बरे.

असे मॉडेल तरंगत का नाही? लांबी शंभरपट घटली की आकारमान दहा लाखपट घटते. फुग्यात उरते सुमारे तीन लिटर जागा, आणि तेवढा हायड्रोजन तीन-साडेतीन ग्रॅमच उचलतो. नुसत्या कामट्याच त्याहून जड भरतात. म्हणून ते नायलॉनच्या दोऱ्याने छताला टांगतात.