न दिसणं म्हणजे नसणं नव्हे

मागच्या व्याख्यानात आपण अनुपलब्धी हे प्रमाण पाहिलं. शेवटी एका श्रोत्यांनी विचारलं, ‘सर, याचा व्यवहारात उपयोग काय?’ आज त्याचं उत्तर संगणकाच्या उदाहरणाने देतो. उदाहरण आमच्याच फजितीचं आहे.

आमच्या नातवाने साठवलेल्या पैशांतून एका कॉलेजातल्या मुलाकडून जुनं ग्राफिक्स कार्ड विकत घेतलं. घरी बसवलं, बटण दाबलं. पंखे फिरले, दिवे लागले, पडदा मात्र काळा. आम्ही लगेच निकाल दिला, ‘कार्ड मेलेलं आहे. तुला फसवलं.’ नातवाने फोन लावला आणि त्या मुलाला नको नको ते बोलला.

आता आमचं अनुमान तपासू. चित्र दिसत नाही, म्हणून कार्ड निकामी. समोरच्या जमिनीवर घट नाही, हे आपल्याला तो न दिसण्यावरून कळतं. कुमारिल भट्टांच्या मते अनुपलब्धी हे स्वतंत्र प्रमाण आहे. नैयायिक म्हणतात, अभावही प्रत्यक्षानेच कळतो. पण एक अट दोघांनाही मान्य आहे: घट असता तर तो दिसलाच असता, अशी परिस्थिती हवी. अंधाऱ्या खोलीत घट दिसला नाही, एवढ्यावरून तो नाही असं ठरत नाही. मग आम्ही स्वतःला विचारायला हवं होतं: कार्ड धडधाकट असतं, तर ते चित्र या पडद्यावर दिसलंच असतं का?

हा प्रश्न घेऊन बाहेरून आत जायचं. मॉनिटरला वीज आहे का? त्याच्या मेन्यूत योग्य इनपुट निवडलंय का? केबल कुठे लावली आहे? पेटीच्या मागे चित्राच्या जागा दोन असू शकतात, एक मदरबोर्डची आणि एक कार्डाची. कार्ड बसवलं की पुष्कळ मदरबोर्ड स्वतःच्या जागेतून चित्र देणं बंद करतात. केबल कार्डालाच हवी.

एवढ्याने भागलं नाही, तर संगणक बंद करून प्लग काढायचा, पेटीच्या धातूच्या सांगाड्याला हात लावायचा, म्हणजे अंगातली स्थिर वीज उतरते, आणि मग आत पाहायचं. कार्ड खाचेत पूर्ण बसलंय का? खाचेतून कार्डाला जास्तीत जास्त 75 वॅट मिळतात. त्याहून अधिक लागत असतील तर पॉवर सप्लायची वेगळी वायर जोडावी लागते. 6 पिनांची 75 वॅटपर्यंत देते, 8 पिनांची 150 पर्यंत. पंखा फिरतो म्हणजे वीज पुरेशी आहे, असं समजू नका. रॅम नीट बसली नसेल तरीही पडदा काळाच राहतो. मदरबोर्ड बीप वाजवत असेल तर बीप मोजा आणि अर्थ त्याच्या माहितीपुस्तिकेत पाहा, कारण कंपनीगणिक तो बदलतो. फार जुनं कार्ड नव्या मदरबोर्डच्या यूईएफआय पद्धतीशी जुळत नाही, असंही घडतं. कार्ड चांगलं असूनही चित्र येत नाही.

यात पथ्य एकच: एका वेळी एकच गोष्ट बदला. चार गोष्टी एकदम हलवल्या आणि चित्र आलं, तर कशामुळे आलं ते कळत नाही. आपल्याकडे याला अन्वय-व्यतिरेक म्हणतात. जॉन स्टुअर्ट मिलने 1843 च्या तर्कशास्त्रावरच्या ग्रंथात भेदाची पद्धत सांगितली, ती याच जातीची. शेवटची कसोटीही तशीच. तेच कार्ड दुसऱ्या, चालू संगणकात बसवा. तिथेही चित्र नाही, आणि इथे दुसरं कार्ड चित्र देतंय, तेव्हाच ‘कार्ड मेलं’ म्हणायला आधार मिळतो.

आमच्या घरी इतक्या लांब जावंच लागलं नाही. केबल सवयीने मदरबोर्डलाच लावलेली होती. ती काढून कार्डाला लावली आणि चित्र आलं.

नातू आनंदाने ओरडला आणि मग गप्प झाला. म्हणाला, ‘आजोबा, त्या मुलाचं काय?’ तर्कातली चूक केबल बदलून दुरुस्त झाली, पण तिच्यापायी एक प्रामाणिक मुलगा चोर ठरला होता. फोन आम्ही स्वतः लावला. निकाल आमचा होता, माफीही आम्हीच मागायला हवी होती.