मुलांचें जलशिक्षण

वाशिम जिल्ह्याच्या रिसोड तालुक्यांत केनवड नांवाचें गांव आहे. तेथून अरबी समुद्र सरळ रेषेंत मोजला तरी ४०० किलोमीटरांहून अधिक दूर. अशा गांवच्या शाळेंत जलसुरक्षा व नावाड्याची विद्या शिकवावी, असें कोणीं सुचविलें तर ऐकणारास हसूं येईल. जेथें समुद्र नाहीं तेथें ही विद्या कशाला, हा प्रश्न वरवर पाहतां रास्तच वाटतो.

परंतु श्रोतेहो, समुद्र नाहीं म्हणून पाणी नाहीं असें नव्हे. या तालुक्यांतून पैनगंगा वाहते. वऱ्हाडांत गांवोगांवीं विहिरी व तलाव आहेत, आणि अलीकडे शेततळ्यांची त्यांत भर पडली आहे. पोळ्याच्या सुमारास मुलें बैल धुण्यासाठीं पाण्यावर जातात. उन्हाळ्यांत शहरांतील नातवंडें आजोळीं येतात, आणि पाणी दिसतांच त्यांचे पाय तिकडे वळतात. तेव्हां हा प्रश्न केवळ खेड्याचा नाहीं. तो आपल्याही घरचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणें २०२१ सालीं जगांत सुमारें ३ लाख माणसें बुडून मृत्यु पावलीं, आणि त्यांत जवळजवळ चतुर्थांश पांच वर्षांखालील बालकें होतीं.

शेततळ्याचेंच उदाहरण घ्या. पाणी जिरूं नये म्हणून पुष्कळ शेततळ्यांच्या तळाशीं व उतरत्या बाजूंवर प्लॅस्टिकचा कागद अंथरतात. तो ओला व शेवाळलेला झाला कीं इतका निसरडा होतो, कीं पोहतां येणारा माणूसही कांठाशीं येऊन वर चढूं शकत नाहीं आणि अखेर थकून जातो. म्हणजे केवळ पोहणें शिकून भागत नाहीं. भोंवतीं कुंपण, पक्क्या खुंटास बांधून पाण्यापर्यंत सोडलेला गांठींचा दोर आणि कांठावर हवा भरलेली ट्यूब, एवढी सामग्री असली तर धोका पुष्कळ कमी होतो. अगदीं लहान मुलांस तर कुंपण व वडील माणसाची नजर हेंच खरें संरक्षण.

शाळेच्या वयाच्या मुलांस मात्र तीन धडे देतां येतात. पहिला तरंगण्याचा. फुप्फुसांत हवा भरलेली असतां माणसाचें शरीर पाण्याहून बहुधा किंचित् हलकें असतें. म्हणून त्याचा थोडाच भाग पाण्यावर राहतो. घाबरलेला मुलगा हात उंच करतो, आणि त्या हातांच्या भारानें तोंड खालीं जातें. उलट, उताणें पडून, कान पाण्यांत बुडूं देऊन, छाती फुगवून हात पसरले तर तोंड वर राहतें. हें वाचून कळतें, पण अंगवळणीं पडत नाहीं. कमरेइतक्या पाण्यांत, शिक्षकाचा तळहात पाठीखालीं असतांनाच तें शिकावें लागतें.

दुसरा धडा दोराचा. एक मुलगा बुडूं लागला, दुसऱ्यानें उडी घेतली आणि दोघेही गेले, अशा बातम्या आपण वारंवार वाचतों. बुडणारा हातीं येईल त्यास मिठी मारतो, आणि त्या मिठींतून सुटणें तरबेज पोहणारासही कठीण. यास्तव मुलांस प्रथम उडी न घेण्याचें शिकवावें. मोठ्यानें हांका माराव्या, कांठावर पालथें पडून काठी पुढें करावी, दोर, साडी किंवा झांकण लावलेला रिकामा कॅन फेकावा. ओढल्यावर न आवळणारा फांस कसा बांधावा, दोर बुडणाराच्या पलीकडे टाकून त्याच्या हातापर्यंत कसा आणावा, ही खलाशाची विद्या शाळेच्या अंगणांत, पाण्याचा थेंबही नसतां शिकवितां येते.

तिसरा धडा थोड्या मोठ्या मुलांचा. बाहेर काढलेल्या माणसास उलटें टांगूं नये किंवा त्याचें पोट दाबूं नये; त्यांत मोलाचा वेळ जातो. श्वास थांबला असल्यास तोंडानें श्वास देणें व छातीवर दाब देणें ताबडतोब सुरू करावें, आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

हें शिक्षण आपल्यास अगदींच अनोळखी नाहीं. पाठीस सुका भोपळा बांधून मुलांस विहिरींत सोडण्याची जुनी रीत प्रसिद्धच आहे. विदर्भांतच, नागपूरच्या अंबाझरी तलावावर, राष्ट्रीय छात्र सेनेच्या नौदल विभागाचे विद्यार्थी वल्हीं मारण्यास शिकतात. बांगलादेशांत तर खेड्यांतील तळ्यांमध्येंच बांबूंचे मचाण उभारून मुलांस पोहणें, तरंगणें आणि पाण्यांत न उतरतां दुसऱ्यास वांचविणें शिकविण्यांत आलें. त्याकरितां संगमरवरी तलाव लागले नाहींत. जाणता शिक्षक, आंखून घेतलेली उथळ जागा आणि कांठावर पहारा एवढें पुरलें. मुलींस यांतून वगळणें तर मुळींच योग्य नाहीं. पाणी आणण्यास व धुणें धुण्यास बहुधा त्याच जातात.

केनवडच्या मुलास समुद्र कदाचित् पुढें कधीं तरी दिसेल. विहीर मात्र त्याला रोज दिसते. तिची भीति घालून आपण त्याला तिच्यापासून फार दिवस दूर ठेवूं शकत नाहीं. तेव्हां येत्या सुटींत मुलांना आजोळीं धाडतांना कपड्यांबरोबर एक चांगला लांब दोरही द्यावा, आणि तो कसा फेकावा हें आधीं घरच्या अंगणांत शिकवून द्यावें.